ठमीचे वजन

माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढले की आपल्याकडे त्याचे कौतुक होते. माहेरी आलेली लेक जरा भरलेली दिसली की 'सासर मानवले हो' म्हणतात. पेन्शनीत निघालेला मास्तर गालांनी वर आला की 'आता सुखावलात' म्हणतात. ही सवय अंगात इतकी मुरलेली की २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या ठमीचे वजन वाढू लागले तेव्हा पहिले पंधरा दिवस मलाही बरेच वाटले. म्हातारपणी का होईना, पोरीला घर मानवले म्हणायचे!

ठमी ही आमची मांजर. राखी अंगावर काळे पट्टे, गळ्याखाली पांढरा रुमाल बांधावा तसा ठिपका, आणि चेहऱ्यावर कायमचा असा भाव की घर तिचे असून आम्ही भाडे थकविलेले बिऱ्हाडकरू आहोत. २०११ च्या पावसाळ्यात आमची सौभाग्यवती दुर्गदबैलहून भाजी घेऊन परतली ती पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीवर हे ओलेचिंब, मूठभर पिल्लू घालूनच. "रस्त्यात ओरडत होते," एवढाच खुलासा मला मिळाला. पुढे ऑपरेशन करून पिलांचा प्रश्नही तिनेच निकालात काढला. मी शाळेतला मास्तर. घरात कोणाला प्रवेश द्यावयाचा हे माझ्या अखत्यारीतले खाते कधीच नव्हते.

सांगलीकर वाचकांना हुबळीची आमची कमरीपेठ ठाऊक असण्याचे कारण नाही. पण हुबळी तुम्हाला अगदीच परकी नाही. जुनी हुबळी पेशव्यांकडे आणि नवी हुबळी सांगलीच्या पटवर्धनांकडे, अशी एके काळी वाटणी होती, आणि १८२० साली ही नवी हुबळी ४७ गावांसह कंपनी सरकारच्या हवाली झाली. राज्य गेले, मराठी मागे राहिली. आमच्या बोळात सकाळी दूधवाल्याशी कानडीत हुज्जत चालते, दुपारी उर्दूत भंगारवाला ओरडत जातो, आणि सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय मंडळींच्या घरांतून त्यांची स्वतःची निराळीच गोड बोली कानी पडते. ठमी या सर्व भाषांतील हाकांना ओ देते. भाषेचे तिला वावडे नाही. हाक मारणाऱ्याच्या हातात काय आहे एवढेच ती पाहते.

आमच्या भिंतीला भिंत लागून जे घर आहे त्यातील वैनी याच समाजाच्या. त्यांच्याकडे आठवड्यातून दोन-तीन वार तरी कारवारकडची मासळी किंवा मटण शिजते. आमचे घर मात्र शाकाहारी. अंडेदेखील उंबरा ओलांडीत नाही. ठमी आली ती याच घराच्या शिस्तीत वाढली, अशी माझी समजूत. दूध-भात, तूप लावलेली पोळी कुस्करून, सणावाराला बासुंदीच्या पातेल्याची खरवड. शाळेतील सहकाऱ्यांना मी अभिमानाने सांगत असे की आमच्या संस्कारांचा परिणाम मांजरावरदेखील होतो. ही त्या वेळी तोंडाला पदर लावून हसे. ती का हसत होती ते कळावयास मला चौदा वर्षे लागली.

२०२२ च्या मार्गशीर्षात ती गेली. मागे राहिलो मी आणि ठमी. त्या दिवसांबद्दल लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच सांगतो की संध्याकाळी घर उघडल्यावर 'कोण आहे?' असे विचारावयास जिवंत प्राणी म्हणून ती एकटीच उरली होती, आणि तिच्या अंगाखांद्यावरून हिचा हात फिरलेला होता. अशा मांजराचे वजन हा निव्वळ वजनाचा प्रश्न राहत नाही.

आता वजनाच्या मूळ हकिकतीकडे येतो. तिच्यात दोन प्रकरणे आहेत, आणि पहिल्याचा उलगडा झाल्यामुळेच दुसऱ्यात मी फसलो.

हिच्या पश्चात वर्षभरात ठमी खरोखरच लठ्ठ झाली. घरात करमेना म्हणून असेल, ती सारा वेळ बोळात. किराणा दुकानदाराच्या काट्यावर, तांदळाच्या टोपलीत बसवून, तिचे वजन केले तेव्हा ते ४ किलो ९०० ग्रॅम भरले. तरुणपणी ती चारच्या आसपास असे. मी चौकशीला निघालो. तेव्हा असे आढळले की या बाईची पाच घरी पाच नावे होती आणि पाचही घरांत तिची ताटली होती. एका घरी तिला 'बेक्कु' एवढीच कानडी हाक, दुसऱ्या घरी मनी, तिसऱ्या घरी शहजादी. प्रत्येक घराची समजूत अशी की मास्तर एकटे पडले, त्यांना स्वतःच्या जेवणाची शुद्ध नाही, मांजराला कोण विचारणार! सगळ्यांचा भाव चांगला होता, हे मला आज दिसते. त्या वेळी मला दिसली ती बेशिस्त. २०२३ च्या दिवाळीत मी घरोघर जाऊन हात जोडून सांगितले, की यापुढे ठमीला कोणी काही घालू नये. वैनींना जरा अधिकच करड्या आवाजात सांगितले, कारण त्यांच्या पायरीवर मी काटे पाहिले होते.

त्यानंतर सारा कारभार माझा. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी, मोजून. सहा महिन्यांत ती ४ किलो २०० वर आली. परीक्षेचा निकाल शंभर टक्के लागावा तसा मला आनंद झाला. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन करून मी ते एका वहीत मांडू लागलो.

आणि त्याच वहीत २०२५ च्या मार्चपासून आकडे पुन्हा चढू लागले. ४ किलो ३००. पुढे ४ किलो ४००. मेमध्ये साडेचार. वाटी तीच, दूध तेच, भात तोच. उलट अलीकडे वाटीच्या तळाशी काही शिल्लक राही. खाणे कमी आणि वजन जास्त, हे कोणत्या गणितात बसते? मास्तराच्या डोक्याला एकच उत्तर सुचले: कोठेतरी कॉपी चालली आहे.

संशय अर्थातच वैनींवर. एका सकाळी मी भिंतीपाशी जाऊन त्यांना हटकले. त्या कपडे वाळत घालीत होत्या.

"वैनी, मी नको म्हणालो होतो ना?"

"मी कुठं काय दिलंय हो मास्तर? दिवाळी होऊन दीड वर्ष झालं, तिनं माझ्या पायरीचं तोंड बगितलं नाही."

"मग वजन कसे वाढते?"

"ते मला काय ठाऊक? पण एक सांगू का? ती आताशा भिंतीवर चढतच नाही. परवा खालच्या फरशीवर बसली होती, नुसती श्वास घेत. मला तर वाळल्यावाणी वाटती ती."

वाळल्यासारखी! काट्यावर तीनशे ग्रॅम चढलेली मांजर या बाईंना वाळलेली दिसते! आरोपीने साक्ष फिरवावी तसे मला ते वाटले. मी काही कठोर शब्द बोललो. ते येथे उतरवीत नाही. वैनींनी उरलेले कपडे तसेच बादलीत ठेवले आणि त्या आत गेल्या. त्यानंतर महिनाभर आमच्यात शब्द नव्हता. वीस वर्षांच्या शेजारात असे प्रथमच घडले.

मी मागील दार बंद केले, खिडकीला जाळी ठोकली. बारा दिवस ठमी घराबाहेर पडली नाही. तेराव्या दिवशी काट्यावर नेली, तर ४ किलो ७००. दुकानातला पोऱ्या म्हणाला, "मास्तर, आता हिला पोत्यांच्या काट्यावर घ्यायला पायजे." मीही हसलो. ऑस्ट्रेलियात केर्न्स येथे हिमी नावाचा एक बोका २१ किलोंच्या वर गेला होता, तो १९८६ साली वारला, आणि लोक हौसेने मांजरे फुगवू लागतील म्हणून गिनेसच्या पुस्तकाने ती नोंदच पुढे बंद केली, ही माहिती मी त्या पोऱ्याला पुरविली. पण घरी येताना टोपली हाताला जड लागत होती, आणि मला प्रथमच भीती वाटली. बंद घरात, मोजल्या वाटीवर, कोणीही काही न देता जे वाढते ते काय असते?

त्या रात्री झोप लागली नाही. ठमी माझ्या पायथ्याशी न निजता दाराजवळ बसून राहिली होती. बसून म्हणजे कोपरे बाहेर काढून, मान पुढे ताणून. मी दिवा लावला तर तिने नुसते डोळे फिरवले. पहाटे एका स्नेह्याला फोन केला. त्याचा सल्ला असा की चार दिवस कडकडीत उपास घडवा, माणसाला मानवतो तो मांजराला का नाही मानवणार? मी तो मानणारच होतो. पशुवैद्याने नंतर सांगितले की मांजराच्या बाबतीत हा सर्वात वाईट इलाज. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले की अंगातली चरबी लोटून यकृतात साठते, यकृत बंद पडू लागते आणि प्राणी त्यातच जातो. बारीक करावयाचे तर खाणे थोडे थोडे, आठवड्यांच्या हिशेबाने उतरवावे लागते.

पशुवैद्य तरुण होता आणि माझाच विद्यार्थी निघाला. मला तो आठवेना. त्याला मात्र माझी छडी आठवत होती. मी वही पुढे केली. आकडे, तारखा, वाटीचे माप, सर्व व्यवस्थित. त्याने ती आदराने पाहिली, मिटली आणि बाजूला ठेवली.

"सर, वजन राहू द्या. हात इथे ठेवा."

त्याने माझा हात ठमीच्या पाठीवर नेला. पाठीच्या कण्याचे मणी रुद्राक्षाच्या माळेसारखे एकेक हाताला लागले. दोन्ही बाजूंचे मांस ओसरून खळगे पडले होते. खांद्याची हाडे वर आली होती. दाट केसांखाली हे सारे लपलेले, आणि मी दीड वर्ष तिला टोपलीत घालून काट्यावर ठेवीत होतो, पण असा हात फिरविला नव्हता. तो ही फिरवीत असे.

"आता पोट."

पोट पाण्याने भरलेल्या रबरी पिशवीसारखे होते. एका अंगाने त्याने टिचकी मारली, तेव्हा तिची लाट दुसऱ्या अंगाला असलेल्या माझ्या तळव्याला येऊन लागली.

"हे मांस नाही सर. पाणी आहे. मांजर वाळलंय, आणि वर पाणी चढलंय. काट्याला दोन्ही सारखंच."

वैनींचे शब्द मला तेथे, त्या लोखंडी टेबलापाशी, आठवले.

त्याने जे समजावून सांगितले ते मांजर पाळणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. निरोगी साधे घरगुती मांजर साडेतीन ते पाच किलोंच्या दरम्यान असते. ऑपरेशन झालेल्या मांजराला खाणे कमी लागते, आणि तेवढेच घालीत राहिले तर ते लठ्ठ होते. मध्यम वयात हे घरोघर दिसते. पण बारा वर्षांच्या पुढे काटा सहसा खाली येतो. मूत्रपिंडे थकतात, गळ्यातील थायरॉइड ग्रंथी अतिरेकी काम करू लागते, दात पडतात, मांजर वाळत जाते. म्हणून म्हाताऱ्या मांजराचे वजन कारणावाचून वाढले तर आनंदाआधी शंका घ्यावी. एखादी गाठ असेल; मेंदूतील ग्रंथीचा विकार होऊन मधुमेहासकट अंग वाढत असेल; यकृत किंवा हृदय थकून पोटात पाणी साठत असेल. लठ्ठ मांजराच्या बरगड्या चरबीखाली दडतात, कंबर नाहीशी होते, पाठ रुंद होते. पाणी झालेल्याची पाठ धारदार आणि पोट तेवढे गोल. मागच्या पायांमध्ये जी सैल कातडी हेलकावते ती मात्र बहुतेक मांजरांना जन्मतःच असते. तिच्यावरून घाबरू नये.

एक्स-रे निघाला, सोनोग्राफी झाली. हृदय मोठे, भिंती पातळ, आकुंचन मंद. सुईने पोटातील सुमारे ३०० मिलिलिटर फिकट गुलाबी पाणी काढले. तिने एकदाही नखे काढली नाहीत, आणि तिचा तो शहाणपणा मला नखांपेक्षा अधिक बोचला.

मग त्याने विचारले, "सर, खायला काय देता?"

"दूध-भात. पोळी. शुद्ध शाकाहारी," मी म्हणालो. चौदा वर्षांची सवय. आवाजात अभिमान आलाच.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मुलाने वर्गात चुकीचे उत्तर दिल्यावर मी जसा फळ्याकडे वळत असे तसा तो भिंतीकडे वळला, आणि पाठमोराच विचारू लागला, "पूर्वी कधी मासे, मटण, उंदीर?"

येथे मला एका पदार्थाची ओळख करून द्यावयास हवी. त्याचे नाव टॉरिन. १८२७ साली जर्मन रसायनज्ञांनी तो प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळा काढला, आणि बैलाच्या लॅटिन नावावरून त्याचे बारसे झाले. माणूस आणि बहुतेक कुत्री हा पदार्थ आपल्या शरीरात इतर द्रव्यांपासून तयार करून घेतात. मांजराच्या शरीरात ही भट्टी जवळजवळ विझलेली आहे. आणि पित्त घडविण्यासाठी मांजर तो रोज खर्च करीत असते, त्याला दुसरा पर्याय चालत नाही. तेव्हा जमा फक्त तोंडावाटे. टॉरिन असते ते मासळीत, मांसात, सर्वात अधिक काळजासारख्या सतत राबणाऱ्या स्नायूंत. उंदरात तर भरपूर. भातात ते नाही. गाई-म्हशीच्या दुधात नावापुरते. ते कमी पडले की आधी मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. पण हृदयाचा संबंध १९८७ पर्यंत कोणाच्या ध्यानी आला नव्हता. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हृदय फुगून शिथिल झालेल्या कित्येक मांजरांच्या रक्तात टॉरिन फार कमी असते, आणि ते दिले की हृदय सावरते. तोवर हा रोग म्हणजे मृत्यूचे बोलावणे समजत. मौज अशी की ती मांजरे दूध-भातावरची नव्हती. चांगल्या महागड्या डबाबंद खाद्यावरची होती. त्यानंतर कारखानदारांनी खाद्यातील टॉरिन वाढविले आणि हा रोग त्या देशांत दुर्मीळ झाला.

मांजर म्हणजे दूध, ही समजूत आपल्याकडे किती जुनी आहे पाहा. तेनाली रामाची गोष्ट लहानपणी सर्वांनी ऐकलेली असते. विजयनगरात उंदीर माजले, राजाने घरोघर एक मांजर दिले आणि त्याला दूध मिळावे म्हणून एकेक गाय दिली. तेनाली रामाने आपल्या मांजराला पहिल्याच दिवशी कढत दूध पाजले. ते पुन्हा दुधाला शिवेना, आणि गाईचे दूध रामाच्या घरच्यांना झाले. आम्ही या गोष्टीत रामाच्या चातुर्याला हसत आलो. आता माझ्या मनात येते की त्या सबंध नगरात उंदीर धरावयाची गरज उरलेले मांजर ते एकटेच असेल, आणि सर्वात निरोगीही तेच.

तर त्याने विचारले होते, पूर्वी कधी मासे? मी म्हणालो, "होय. शेजारून मिळत. मी बंद केले."

"केव्हा?"

"२०२३ च्या दिवाळीत."

त्याने बोटांवर महिने मोजले. पुढे तो सावधपणे बोलला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. चौदा वर्षांच्या मांजराचे हृदय इतर कारणांनीही थकते. टॉरिन हेच कारण असे छातीठोक सांगता येणार नाही. पण सगळ्या कारणांत दुरुस्त होण्याजोगे हेच, आणि टॉरिन देऊन अपाय होत नाही. मग वाट कशाला पाहावयाची? लघवी वाढविणारे औषध, हृदयाला बळ देणारी गोळी आणि दिवसातून दोनदा टॉरिनची पूड, असा कागद त्याने लिहून दिला. आणखी एक काम दिले: ठमी झोपली असताना दर मिनिटाला किती श्वास घेते ते रोज मोजावयाचे. तिसाच्या आत असले तर ठीक. वर चढू लागले तर रात्र असो की पहाट, घेऊन यावयाचे.

रिक्षातून परतताना मी हिशेब करीत होतो. आमच्या घरात ती चौदा वर्षे राहिली. त्यांतली बारा वर्षे तिचे हृदय ज्या पायरीवर पोसले गेले, त्या पायरीवर जाण्याची बंदी मी केली, ती तिच्या भल्यासाठी. आणि वजन वाढले तेव्हा बंदी आणखी कडक केली.

टोपली तशीच हातात घेऊन मी वैनींच्या दाराशी गेलो. काय बोलावयाचे ते रिक्षात दोनदा घोकले होते. त्यातले काही आठवले नाही. डॉक्टर काय म्हणाले तेवढे सांगितले. वैनींनी आधी टोपलीचे झाकण उघडले, ठमीच्या कपाळावर अंगठा फिरविला.

"मग आता देऊ का?" एवढेच त्यांनी विचारले.

"द्या," मी म्हणालो. "वैनी, मी त्या दिवशी—"

"ते राहू दे हो. पण विचारला असतात तर सांगितलं असतं मी. तुमच्या घरातल्या वैनींना सगळं ठाऊक होतं. त्याच भिंतीवरून हाक मारायच्या, 'आज काय आणलंय?' म्हणून. दवाखान्यात शेवटी भेटायला गेले तेव्हाबी म्हणाल्या, ठमीचं बगा, मास्तरांना काय कळत नाही त्यातलं."

मांजर डोळे मिटून दूध पिते असे आपण म्हणतो. आमच्या घरात डोळे मिटून कोण काय पीत होते याचा तो खुलासा. मला रागही आला असता. पण तोंडाला पदर लावून हसणारी ती आठवली आणि मी तसाच टोपली घेऊन घरी आलो.

आता व्यवस्था अशी आहे. मासळी मी आणतो. साठी उलटून कितीतरी वर्षे झालेला, जन्माचा शाकाहारी मनुष्य मासळीच्या बाजारात जाऊन बांगड्याचे डोळे लाल आहेत की स्वच्छ ते पाहतो, यावर आमच्या बोळाने पुष्कळ करमणूक करून घेतली. शिजवितात वैनी. टॉरिन पाण्यात विरघळते, म्हणून उकडलेले पाणी टाकून द्यावयाचे नाही, असे मी डॉक्टरांच्या हवाल्याने त्यांना समजावू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे सार टाकायचं नाही एवढंच ना? सार कोण टाकतंय हो?" मीठ-मसाल्यावाचूनचे, काटे काढलेले दोन चमचे, सारासकट, ठमी त्यांच्याच पायरीवर खाते. माझ्या घरात अजूनही उंबऱ्याचा नियम आहे. पूड मात्र मी स्वतः देतो.

गणेशचतुर्थीच्या सुमारास तिचे वजन ३ किलो ८०० वर आले. दुकानातला पोऱ्या हळहळला, "किती वाळली की हो मास्तर!" नऊशे ग्रॅम पाणी उतरले होते, तिचे खरे वजन एवढेच होते, हे त्याला मी सांगत बसलो नाही. दिवाळीनंतर पुन्हा सोनोग्राफी झाली. हृदय पूर्वीसारखे झालेले नाही, पण भिंती जोराने मिटू लागल्या आहेत असे डॉक्टर म्हणाला, आणि लघवीच्या औषधाची मात्रा त्याने निम्मी केली. किती दिवस, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी काटा ३ किलो ९५० दाखवू लागला. माझ्या पोटात गोळा आला. तेथेच, दुकानाच्या फळीवर, गिऱ्हाइके खोळंबली असताना, मी तिच्या पाठीवरून हात फिरविला. मणी होते, पण पूर्वीइतके धारदार नव्हते; दोन्ही बाजूंना काही तरी भरत चालले होते. पोट मऊ होते. टिचकी मारून पाहिली, लाट आली नाही. दुकानदार विचारू लागला, "काय बघता मास्तर, कलिंगड आहे काय ते?"

रात्री साडेनऊला ठमी हिच्या जुन्या शालीवर झोपते. मी घड्याळ घेऊन शेजारी बसतो आणि बरगड्यांची वरखाली मोजतो. मोजणी संपल्याचा अंदाज वैनींना कसा येतो कोण जाणे, पण नेमक्या त्याच वेळी त्यांची खिडकी उघडते.

"किती?"

"चोवीस."

मग खिडकी बंद होते.